तवंग

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातील बाहेरच्या जेवणाचा विचार रश्श्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या लाल थरापासून, म्हणजे तवंगापासून, सुरू करणे योग्य ठरते. कारण येथील कामगाराच्या आयुष्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत खोल्या बदलतात, कारखाने बदलतात, ताटातील पदार्थही बदलतात, पण तवंग त्याची सोबत सोडत नाही. मिसळीवर त्याला तर्री किंवा कट म्हणतात. पंजाबी भाजीच्या कडेने तेच तेल दिसले की भाजी नीट परतली गेली, अशी खात्री पटते. पाहुण्याला कोरडे वाढू नये, हा संस्कार त्यामागे आहे आणि तो खोल रुजलेला असल्यामुळे तवंगाकडे केवळ आरोग्याचा शत्रू म्हणून पाहणे अपुरे आहे.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना 1954 मध्ये झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर पिंपरी, भोसरी, आकुर्डी या परिसरात जी माणसे कामाला आली, त्यांतील अनेक जण गावी कुटुंब ठेवून एकटे आले. एकट्या माणसाला शिजवून घालणारी खानावळ ही औद्योगिक शहराची आद्य गरज असते. मुंबईच्या गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना कर्ज आणि संघटनेचा आधार मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, यावरूनच या कामाचे मोल ध्यानात यावे. खानावळीत आठवड्याचे वार ठरलेले, वाढणारी ओळखीची आणि पोळी-भाजी-वरण-भात घरच्याच वळणाचा असे. निवडीचा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नसे. निवड सुरू झाली ती पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर. रात्रपाळी करून आलेला विशीतला तरुण मिसळीबरोबर दोनदा सँपल, म्हणजे वरून मिळणारा रस्सा, मागून घेई. त्याला वेगळे पैसे पडत नसत आणि पाळीभर लोखंड उचलणाऱ्या शरीराला ते तेल पचतही असे. त्या वयातील ती निवड चुकीची होती असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण कमी पैशांत जास्तीत जास्त ऊर्जा मिळवण्याचा हिशेब त्यात अचूक साधलेला होता.

गेटच्या आतल्या जेवणासाठी 1948 च्या कारखाना कायद्याने 250 पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह उघडायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आणि उपाहारगृहाच्या व्यवस्थापन समितीत कामगारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूदही केली. कामगाराने आपल्या ताटाविषयी बोलावे, हे त्या कायद्याने गृहीत धरले होते. ताटाविषयी बोलण्याच्या या अधिकाराकडे आरोग्याचा अधिकार म्हणून पाहिले गेले असते, तर पुढच्या कितीतरी गोष्टी सोप्या झाल्या असत्या.

चाळिशीपर्यंत बहुतेकांचे बिऱ्हाड स्थिरावते आणि बाहेरचे जेवण गरजेचे न राहता सणाचे होते. रविवारी कुटुंबासह ‘पंजाबी’ खायला जाणे, पनीर बटर मसाला आणि बटर नान मागवणे, यात पाहुणचार करण्याची ऐपत आल्याचे समाधान असते. मात्र याच काळात कामाचे स्वरूपही बदललेले असते. जे हात वजन उचलत होते ते कळफलक दाबू लागतात, पाळ्यांच्या फेऱ्यांनी झोप मोडते आणि शरीराला लागणारी ऊर्जा घटते, पण जिभेचा हिशेब विशीतलाच राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे 10.1 कोटी असल्याचे सांगितले. कंपनीतील वार्षिक तपासणीत साखर वाढलेली दिसली की डॉक्टर ‘बाहेरचे बंद करा’ असे सांगतात, पण पाळी आणि प्रवास यांतून जगणाऱ्या माणसाला बाहेरचे सहसा बंद करता येत नाही.

म्हणून हॉटेलचे स्वयंपाकघर कसे चालते, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. पंजाबी जेवण देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत भाजी ग्राहकाच्या मागणीनंतर पहिल्यापासून शिजत नाही. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आणि काजू-मगजाची, म्हणजे खरबूजवर्गीय फळांच्या सोललेल्या बियांची, पांढरी ग्रेव्ही आधीच भरपूर तेलात परतून ठेवलेली असते आणि मागणी आली की तीत पनीर, मटार किंवा कोंबडी घालून वरून लोणी, साय सोडली जाते. याचा अर्थ असा की आधीच पडलेले तेल कोणत्याही विनंतीने काढता येत नाही, परंतु जे मागणीनंतर ठरते ते सारे ग्राहकाच्या हातात असते. एका मोठ्या चमचाभर तेलातून सुमारे 120 किलोकॅलरी मिळतात. नुसते ‘वरून लोणी नको, साय नको’ एवढे शब्द त्यामुळे मोलाचे ठरतात. दुहेरी फोडणीच्या डाळीऐवजी साधे वरण, मैद्याच्या नानऐवजी लोणी न लावलेली कणकेची रोटी, ग्रेव्हीच्या भाजीऐवजी तंदूरमध्ये भाजलेला पदार्थ, सोबत ताक आणि कोशिंबीर, ही निवड त्याच पत्रिकेतून करता येते. मिसळही सोडावी लागत नाही: तिच्यातील मोड आलेली मटकी उत्तमच असते, तर्री वेगळ्या वाटीत आणि फरसाण बेताने मागितले, तर मिसळीचा जीव तसाच राहतो.

पुणे-नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर ओलांडून मंचर-नारायणगावकडे गेले की मासवडीच्या पाट्या दिसू लागतात. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत तीळ, सुके खोबरे, लसूण, कांदा यांचे सारण भरून केलेली ही वडी तळलेली नसते, नावात मास असूनही पूर्ण शाकाहारी असते आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर पोटभर जेवण देते. तीळ-खोबऱ्यामुळे ती हलकी म्हणता येणार नाही आणि तिच्या रश्श्यावरही तवंग असतोच. तरीही या पट्ट्याला स्वतःच्या मातीतले, समाधान देणारे आणि बेताने खाता येणारे हॉटेलचे जेवण हवे असेल, तर ते येथे आधीपासूनच आहे. परप्रांतीय चवीच्या ओढीने ते मागे पडू नये.

शासनाचे नियमही बदलले आहेत. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक, 25 टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरता येत नाही. 2022 पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाला, म्हणजे हृदयाला विशेष घातक अशा मेदाला, 2 टक्क्यांची मर्यादा आहे. आणि 10 किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थपत्रिकेत कॅलरी छापणे आवश्यक आहे. परंतु चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी येथील टपऱ्यांवर आणि मेसमध्ये पदार्थपत्रिकाच नसते. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन राहणारा, विदर्भ-मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार तेथे जेवतो आणि त्याच्यासमोर त्या वेळी जे शिजलेले असते तेच त्याला घ्यावे लागते. त्याला निवड शिकवण्याआधी निवड उपलब्ध करून दिली पाहिजे, आणि हे काम त्याला राबवून घेणाऱ्यांचे आहे.

निवृत्त कामगार आता नातवंडांना घेऊन पुणे-नाशिक रस्त्यावरच्याच हॉटेलात येतो. वाढप्याला तो ‘तर्री वेगळी आणा’ असे सांगतो, वाटी आली की तिच्यातला एक चमचा मटकीवर सोडतो आणि उरलेली वाटी, पहिल्यांदाच पगार घेऊन आलेल्या शेजारच्या टेबलावरच्या पोराने रस्सा मागितल्यावर, त्याच्याकडे सरकवतो.