रस्त्याकडेचे नमुने

उपग्रहचित्रांवरून धानाचं क्षेत्र काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा प्रत्यक्ष पाहणीची ठिकाणं मीच ठरवली आणि तिथेच चुकलो. नागरा गोंदियाच्या जवळ, रस्ता बरा, बांध्या सलग. धुऱ्यावर उभं राहून नोंद घ्यायची आणि पुढे निघायचं. बाकीची ठिकाणंही अशीच डांबरी रस्त्याला धरून निवडली.

पावसाळ्यात ढगांमुळे साधी चित्रं कामाची नसतात, म्हणून सेंटिनेल-१ ची रडारचित्रं घेतली होती. चिखलणी करून पाणी भरलेली बांधी त्यांत काळी दिसते. रोवणीनंतर धान वाढेल तशी ती उजळत जाते. नागऱ्यात ही खूण चोख लागू पडली. मी तीच जिल्हाभर लावली, धानाचे ठिपके मोजले आणि ती बेरीज क्षेत्र म्हणून अहवालात लिहिली.

अहवालानंतर देवरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, आमचा आवत्या यात धरला का?"

धरला नव्हता. आवत्या धान रोवत नाहीत, कोरड्यातच फेकून पेरतात; सुरुवातीला पाणी नाही, म्हणजे माझी खूणही नाही. उलट तलाव-बोड्यांच्या काठी उथळ पाण्यातून वर आलेलं गवत रोवलेल्या धानासारखंच उजळलं होतं आणि मी ते धानात मोजलं होतं. जिल्ह्याच्या बेरजेत या दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. आकडा जुन्या नोंदींशी जुळला, म्हणून मला शंकाच आली नाही. तालुकावार पाहिलं असतं तर दिसलं असतं.

पीककापणीचे तुकडे फार लहान घेतले तर कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं, हे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं होतं. अशी एकाच बाजूला झुकणारी चूक नमुने वाढवून जात नाही, हेही मी शिकलो होतो. तरी रस्त्याकडेच्याच शंभर ठिकाणांऐवजी दोनशे घेतली की भागेल, असं मी धरून चाललो.

अहवाल मागे घेतला तोवर कापणी उरकली होती. शेतात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या हंगामापासून नकाशाचे थर पाडले: धान, पाणी, जंगल, इतर. प्रत्येक थरात ठिकाणं चिठ्ठी काढल्यासारखी निवडली. एखादं सालेकशाच्या जंगलात निघालं तरी बदलायचं नाही, चालत जायचं. नकाशा कुठे किती चुकतो हे त्यावरून कळतं, त्या प्रमाणात क्षेत्र दुरुस्त करता येतं आणि आकड्यासोबत त्याची कमी-जास्त मर्यादाही देता येते. देवरीचा त्या पहिल्या हंगामाचा आकडा मी आजही कुठल्याच तुलनेत घेत नाही.