नोंदवहीतले घर

कंपनी ही कायद्याने जन्माला घातलेली एक व्यक्तीच होय. तिला देह नाही, आत्मा नाही. तरी ती जमीन विकत घेते, कर्ज काढते, न्यायालयात दावा लावते. ती बुडाली तर तिच्या भागधारकांच्या घरादारावर सहसा टाच येत नाही. मर्यादित जबाबदारीची ही सवलत आपल्या देशात १८५७ साली आली. त्याआधी १८५० च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे कंपन्यांच्या नोंदणीची सोय झालेली होती. सवलत हवी असेल तर आपण कोण आहोत हे जगाला सांगा, असा हा रोकडा सौदा आहे आणि तो आम्हांला आजही न्याय्य वाटतो.

न्याय्य वाटण्यास कारणही आहे. आमच्या वसई-विरार पट्ट्यात आयुष्यभराची पुंजी एखाद्या सदनिकेत घालणाऱ्या कुटुंबाला, त्या बांधकाम कंपनीमागे कोणती माणसे उभी आहेत हे पाहता आलेच पाहिजे. २०१७-१८ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून खोडली. नोंदवहीच बंद असती, तर कागदावरच्या कंपन्या कोणत्या आणि खऱ्या कोणत्या, हे बाहेरच्या माणसाने कसे ताडावे? तेव्हा नोंदवही बंद करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

आमचे म्हणणे घराविषयी आहे.

आमच्या परिचयातील एक भगिनी घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय करतात. यजमानांच्या पश्चात त्या एकट्याच राहतात. मोठ्या दुकानांना माल पुरवायचा म्हणून त्यांनी व त्यांच्या बहिणीने मिळून एक खासगी कंपनी स्थापन केली. नोंदणीकृत कार्यालय म्हणून दुसरी जागा आणायची कोठून? घराचाच पत्ता दिला. कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कंपनीच्या नावाची व पत्त्याची पाटीही दारावर लावली. पुढे अनोळखी दलालांचे फोन सुरू झाले आणि एके दिवशी भर दुपारी एक गृहस्थ हातात छापील कागद घेऊन थेट ओटीवर येऊन बसले. कसल्याशा कर्जाची योजना त्यांना गळ्यात घालायची होती. त्या कागदावर बाईंचे नाव, पत्ता व व्यवसाय, सारे काही होते. गृहस्थ सभ्य होते म्हणून निभावले. मात्र त्या दिवसापासून घराचे पुढचे दार दुपारी लावलेले असते.

यात कोणी चोरी केली नव्हती. कंपनीच्या स्थापनेच्या कागदावर संस्थापकांनी आपले नाव, पत्ता व व्यवसाय लिहून सही करायची असते. तो कागद निबंधकाकडे जातो आणि ३९९ व्या कलमाप्रमाणे शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. पूर्वीही येत असे; पण त्यासाठी मुंबईला मरिन ड्राइव्हवरील एव्हरेस्ट इमारतीत जाऊन फाईल मागावी लागे. विरारहून चर्चगेट गाठण्याइतके ज्याचे काम अडले असेल, तोच तेथे जाई. ती यातायात हेच एक आवरण होते, हे ते गळून पडल्यावर ध्यानात आले. २००६ पासून कागद संगणकावर चढू लागले. आता तर काही खासगी मंडळी सरकारी माहिती उचलून संचालकांची नावे व पत्ते स्वतःच्या पानांवर मांडतात. नुसते नाव शोधले तरी घर सापडते.

कोणी म्हणेल, गावात तर सगळ्यांनाच सगळ्यांची घरे ठाऊक असतात, त्यात एवढे काय? खरे आहे. आडनाव आणि आळी सांगितली की आमच्याकडे शेंबडे पोरही पाहुण्याला दारापर्यंत आणून सोडते. परंतु त्या पोराला आपण ओळखतो आणि पाहुणा कोणाकडे आला हे शेजारी पाहत असतात. नोंदवहीतून घर पाहणारा कोण, हे मात्र घरातल्या माणसाला कधीच कळत नाही.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. विवाहापूर्वी वधूवरांची नावे चर्चमध्ये जाहीर करण्याचा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने घातला, तो विवाहातील अडथळे उघडकीस यावेत म्हणून. घोषणा गावासमोर होते आणि तिचे काम झाले की संपते. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्याचे २२० वे कलम प्रत्येकाचे नाव व खासगीपण जपण्याचा हक्क मान्य करते. गुप्ततेच्या आड अपराधीही दडतात, याचा कटू अनुभव याच ख्रिस्तसभेने घेतला आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. म्हणूनच काय उघडे ठेवावे आणि काय झाकावे, हे निवडावे लागते.

आपल्या सरकारने ती निवड अर्धीच केली आहे. एप्रिल २०२२ च्या नियमदुरुस्तीने कंपनीच्या सभासद-नोंदवहीतील पत्ता, ई-मेल व पॅन क्रमांक तपासणीस देणे बंद झाले. भागधारकाचे घर झाकले गेले. ज्या संस्थापकाने कागदावर सही केली, त्याचे उघडेच राहिले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे आशेने पाहावे, तर कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती जाहीर करावी लागते, ती त्याने आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे.

युरोपच्या न्यायालयासमोर २०१७ मध्ये एका इटालियन बांधकाम व्यावसायिकाचे प्रकरण निकालात निघाले. आपल्या जुन्या, बुडालेल्या कंपनीशी जोडलेले नाव नोंदवहीतून निघावे, अशी त्याची मागणी होती. असा सरसकट हक्क नाही, असे न्यायालयाने ठरविले. आता त्याचे नाव कायद्याच्या ग्रंथांतही कायमचे छापले गेले आहे. आम्ही ते येथे लिहीत नाही. निकाल आम्हांला पटतो, कारण कंपनी कोणी चालविली ही गोष्ट लोकांची आहे. संचालक झोपतो कोठे, ही मात्र त्यांची नव्हे. ब्रिटनने हा भेद ऑक्टोबर २००९ पासून पाळला आहे. तेथे संचालक पत्रव्यवहाराचा पत्ता जाहीर करतो, तर राहता पत्ता निबंधकाच्या बंद नोंदीत जातो आणि ठरावीक संस्थांनाच मिळतो. जुन्या कागदांतील राहते पत्ते झाकण्याच्या अर्जाची वाटही तेथे २०२५ पासून अधिक रुंद झाली आहे.

आमच्या त्या भगिनींनी दरम्यान एका व्यापारी इमारतीत भाड्याने टेबल घेऊन कंपनीचे कार्यालय तेथे हलविले. दरमहा भाडे भरतात, पापड मात्र घरच्याच ओटीवर वाळतात. नवा पत्ता नोंदवहीत चढला आहे. जुनाही, त्यांच्या वळणदार अक्षरातला, पहिल्या कागदावर आहे तसाच आहे.