बंद करून चालू केले नाहीत

२०१२ च्या डिसेंबरात एका कनिष्ठ महाविद्यालयाला देणगीत मिळालेल्या नऊ जुन्या लॅपटॉपवर मी उबंटू १२.०४ बसवून दिली. सगळ्यांत ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१२ हे वायफाय कार्ड. त्याला लिनक्समध्ये दोन ड्रायव्हर चालत: कर्नलमधला खुला बी४३ आणि कंपनीने दिलेला डब्ल्यूएल. बी४३ ला लागणारं फर्मवेअर माझ्याजवळ नव्हतं. डब्ल्यूएलचा सोर्स पेन ड्राइव्हवर होता, तो तिथेच कंपाइल केला.

दोघं एकत्र नांदत नाहीत हे मला ठाऊक होतं. ब्लॅकलिस्टच्या फाइलमध्ये बी४३ चं नाव घातलं. मग चालू मशिनवरच जुनी मॉड्यूल हाताने काढली, डब्ल्यूएल चढवला. नऊही लॅपटॉपवर नेटवर्क दिसलं. तिथल्या सरांना दाखवलं आणि पाचची एसटी पकडली. ती चुकेल म्हणून एकही लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला नाही.

हाताने काढलेल्यांत एसएसबी हेही मॉड्यूल होतं. बोटांनी ते काढलं, डोक्याने नोंदवलं नाही. मशिन सुरू होताना कर्नल कार्डाचा ओळखक्रमांक वाचतो आणि त्याच्याशी जुळणारी मॉड्यूल चढतात. पण कार्ड एका वेळी एकाच्याच ताब्यात जातं. बी४३ मी अडवला होता. एसएसबी मोकळं होतं, त्याने आधी येऊन कार्ड धरलं. मागून आलेल्या डब्ल्यूएलला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जांची शेवटची तारीख होती. सकाळी सरांचा फोन आला, एकाही लॅपटॉपवर वायफाय नाही. मी फोनवरून ब्लॅकलिस्टमध्ये एसएसबीची ओळ घालायला सांगितली. तरी तेच. सुरुवातीला कर्नलबरोबर चढणाऱ्या इनिट्रॅमएफएसमध्ये एसएसबी होतं आणि ब्लॅकलिस्टची जुनी प्रतही. इनिट्रॅमएफएस नव्याने बांधायला हवं, हे मला दुपारी दोनला सुचलं. तोवर सर मुलांना टेम्पोत घालून शेजारच्या शहरातल्या सायबर कॅफेत निघाले होते. दोन मुलींना घरून परवानगी मिळाली नाही. त्यांचे अर्ज राहिले.

रविवारी परत गेलो. प्रत्येक लॅपटॉपवर इनिट्रॅमएफएस बांधलं आणि तो दोनदा बंद करून चालू केला. सर शेजारी उभे होते, बोलले काही नाहीत. निघताना मी त्या दोघींची नावं विचारली. त्यांनी सांगितली.