मोरपंखी आणि पोपटी

चि. सानिका हिस,


तुझा फोटो पाहिला. गिऱ्हाइकाला पैठणीसारखा मोरपंखी हवा होता आणि केक झाला पोपटी. आता तू बारा रंगांची नवी पेटी मागवते आहेस, असं वहिनी म्हणाली. मागवू नकोस. बाटलीत काही खोट नाही. तू निळा घातलास तो पिवळ्यात.

लोणी पांढरंच असतं असं आपण धरून चालतो, कारण घरी ताकावर तरंगणारं म्हशीचं लोणी पाहत आलो. गाईच्या दुधात हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन उतरतं. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. म्हणून गाईचं लोणी पिवळसर. दुकानातल्या मीठ घातलेल्या पिवळ्याधमक वडीत तर बरेचदा शेंद्रीच्या बियांचा रंगही असतो. वेष्टनावर ‘ॲनाटो’ लिहिलेलं सापडेल. त्यात निळा पडला की हिरवा होणार आणि गुलाबी पडला की अबोली. तेव्हा आधी लोणी बदल. बिनमिठाचं, बिनरंगाचं घे आणि साखर घालण्याआधी भरपूर फेट, हवा भरली की ते बरंच फिकं पडतं. उरलेल्या पिवळेपणाला टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा जांभळा लाव. रंगचक्रात हे दोघे समोरासमोर बसतात आणि एकमेकांना मारतात. जास्त झाला तर राखाडी झाक येईल, म्हणून टूथपिक, चमचा नको. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांसाठी हे चक्र मी फळ्यावर काढायचे तेव्हा तू मागच्या बाकावर बसून चिंचा खात होतीस, ते मला दिसायचं.

आता मोरपंखी. निळ्याचे चार वाटे, हिरव्याचा एक, आणि शेवटी काळ्याचा टिपका. काळ्याशिवाय तो फिरोजी होतो, पैठणीचा होत नाही. तरी लगेच गडद दिसणार नाही. हे रंग पाण्यात विरघळणारे, आणि बटरक्रीममध्ये पाणी थोडं. त्यांना पसरायला वेळ लागतो. संध्याकाळी फिका वाटलेला रंग सकाळी चांगलाच चढलेला असतो. घाई असेल तर रंगवलेल्या क्रीममधले चार चमचे काढून मायक्रोवेव्हमध्ये जरासे वितळव आणि परत मिसळ. व्हिप क्रीमवर मात्र हा प्रयोग नको. त्याचं पाणी होईल.

जांभळ्याची गंमत वेगळी. नारिंगीकडे झुकणारा लाल घेऊन त्यात निळा ओतलास तर विटकरी चिखल होतो. लाल घ्यायचा तो गुलबक्षीकडे झुकणारा. आणि केक काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवू नकोस. गुलाबी रंगद्रव्यं उजेडाला टिकत नाहीत, त्यातलं एरिथ्रोसिन तर फारच लवकर उडतं. मग मागे उरतो निळा, आणि गिऱ्हाईक म्हणतं आम्ही जांभळा सांगितला होता. रंग घोटायचा मात्र खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. गिऱ्हाइकाचा मोबाइल समोर धरून तर मुळीच नाही. दोन मोबाइलांवर एकच साडी दोन रंगांची दिसते. जमलं तर साडीच मागवून घे.

एक माणूस तुला आवडेल. मिशेल-यूजेन शेव्रल, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. 1823 मध्ये त्याने प्राण्यांच्या चरबीवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत तो रंगाईचा प्रमुख झाला. तिथे तक्रार आली की निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणलेला काळा धागा मिळमिळीत दिसतो. शेव्रलने धागे तपासले. रंगाई चोख होती. शेजारच्या रंगामुळे डोळाच काळ्याला कमी लेखत होता. त्यावरचं त्याचं पुस्तक 1839 मध्ये आलं. आधी स्निग्ध पदार्थ आणि मग रंग, म्हणजे बटरक्रीमची अख्खी विद्या एका माणसाकडे! तुझ्या निळ्या कुकीवरची काळी रेघ फिकी वाटली तर आणखी काळा ओतण्याआधी ती पांढऱ्या कागदावर ओढून बघ.

कुकीचं आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर, वाळल्यावर एक छटा गडद होतं. तेवढा फिकाच घोट. सगळ्या कुकींना पुरेल इतका रंग एकदम कर. दुसऱ्यांदा तोच रंग कुणालाच साधत नाही, मलाही नाही. लाल आणि पांढरा शेजारी असतील तर पहिला पूर्ण वाळू दे. सांगलीच्या पावसात वाळायला रात्र जाते. पंखा लाव, फ्रिजमध्ये कोंबू नकोस.

‘नैसर्गिक रंग’ मागणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत म्हणतेस. बीट, हळद, गोकर्ण, सगळं चालतं, पण ते स्वभावाने चालतात. गोकर्णाचा निळा लिंबाचा थेंब पडताच जांभळा होतो, हळद सोड्याने लाल होते. पोरांना हे दाखवायला छान, ऑर्डरच्या दिवशी नाही.

आणि काळा. बॅटमॅनचा केक मागणाऱ्या बाईंना पांढऱ्या क्रीमपासून काळा करून देऊ नकोस. आपल्याकडे खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठच, त्यांत काळा नाही. लेबल वाच, काळ्या बाटलीत बहुधा लाल-पिवळा-निळाच एकत्र असतात. मर्यादाही आहे, तयार पदार्थात किलोला 100 मिलिग्रॅम. पांढऱ्यापासून काळा करताना ती कधी ओलांडली ते कळतही नाही, क्रीम कडू लागतं आणि पोरांच्या जिभा दोन दिवस निळ्या. कोको घालून क्रीम आधी गडद तपकिरी कर. मग थोडक्यात भागतं, रात्रभर ठेवलंस की आणखी चढतं. ती रात्र बिलात धर. भिडेपोटी सोडू नकोस, तुझ्या आईसारखी.

वहिनीला आणि दादाला नमस्कार.

तुझी,
आत्या

ता. क. – चॉकलेटमध्ये यातली एकही बाटली उघडू नकोस. पाण्याचा अंश गेला तरी वितळलेलं चॉकलेट गच्च धरतं. त्यासाठी तेलातले रंग वेगळे मिळतात. ते मात्र मागव, पैसे मी देते.