अर्धी माघार

जपानी माहजोंगमध्ये कुणी ‘रीची’ म्हणून 1000 गुणांची काडी पुढे ठेवली, की समजायचं याचा हात एका सोंगटीवर अडलाय. ती सोंगटी ज्याच्या हातून पडेल, त्याने एकट्याने सगळा भुर्दंड भरायचा. बाकीचे दोघे मोकळे. एवढं माहीत असूनही मी बराच काळ रमीच्या सवयीने खेळलो. नको असलेलं पान टाकायचं, पुढच्याचं पुढचा बघेल.

मग सुजी, म्हणजे टाकलेल्या सोंगटीवरून सुरक्षित सोंगटी ताडायची युक्ती, शिकलो आणि आणखी बिघडलो. ज्याच्याकडे पंजी-छक्की आहे तो चौकी किंवा सत्तीची वाट बघतो. त्याने चौकी आधीच स्वतः टाकली असेल, तर फुरितेनच्या नियमामुळे त्याला दुसऱ्याने टाकलेल्या सत्तीवरही जिंकता येत नाही. म्हणजे चौकी दिसली की एक्का आणि सत्ती निर्धास्त, असं मी पाठ करून टाकलं. हे फक्त दोन्ही टोकांनी उघड्या जोडीला लागू आहे, हा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरलो.

समोरच्या गृहस्थांनी वर्तुळांची चौकी टाकून रीची केली. माझ्या हातात वर्तुळांची सत्ती फालतू होती. लगेच टाकली. त्यांनी शांतपणे हात उलटा केला: छक्की आणि अठ्ठी, मधल्या सत्तीसाठी थांबलेली. हातात चौकी-छक्की-अठ्ठी असताना चौकी काढून त्यांनी सापळा लावला होता. रीची, इप्पात्सु (रीचीनंतर एका फेरीच्या आतच जिंकणं), वर दोन दोरा (जादा किमतीच्या सोंगट्या). 8000 गुण गेले.

वाईट याचं वाटतं की माझ्याकडे अक्षरांच्या नव्वीची जोडी होती आणि नव्वी त्यांनी सुरुवातीलाच टाकलेली होती. त्यांच्यापुरती ती शंभर टक्के सुरक्षित, तीही दोन खेळ्यांची सोय. पण जोडी मोडली की माझा हात मोडणार. खरं सांगायचं तर सत्ती सुरक्षित म्हणून मी टाकलीच नव्हती. ती नको होती म्हणून टाकली आणि सुजीचं कारण मागाहून चिकटवलं.

यानंतर मी जोड्या मोडायला लागलो, पण अर्ध्या मनाने. दोन खेळ्या सुरक्षित सोंगट्या टाकायच्या, तिसऱ्या खेळीला चांगली सोंगटी हाती आली की पुन्हा पुढे सरसावायचं. तोवर हाताची किंमत उतरून 1000-2000 वर आलेली आणि समोरच्याचा धोका मात्र तेवढाच. जपानी खेळाडू पूर्ण माघारीला बेताओरी म्हणतात. त्यात जिंकण्याचा विचारच सोडायचा असतो, आणि मला नेमकं तेच जमेना. सुरक्षित सोंगट्या आधीच खर्चून बसल्यावर शेवटच्या खेळ्यांत मधल्या पंजी-छक्क्या टाकाव्या लागायच्या, ज्या सगळ्यांत जास्त हातांत बसतात.

दुसरी खोड नजरेची. रीची करणाऱ्याच्या टाकलेल्या सोंगट्या मी बारकाईने वाचायचो आणि बाकी दोघांना विसरायचो. एकदा पूर्व फेरीत डीलरने पूर्व वारा आणि लाल ड्रॅगन उघड्यावर जुळवून ठेवले होते, आणि बांबूची सोंगटी त्याने एकही टाकलेली नव्हती. तो बांबूच जमवतोय हे आंधळ्यालाही दिसावं. रीचीवाल्याने टाकलेली बांबूची तिर्री मी विश्वासाने टाकली. ती त्याच्यापुरतीच सुरक्षित होती. डीलरने 12000 उचलले.

हल्ली सहाव्या-सातव्या खेळीपासून एखादी वाऱ्याची सोंगटी मुद्दाम राखून ठेवतो, शक्यतो जिच्या बाकीच्या तीन पटावर पडून गेल्या आहेत अशी. तिच्यामुळे हात थोडा सावकाश जुळतो. पण त्या चौथ्या सोंगटीवर जिंकू शकणारा हात एकच, एक्के, नव्व्या, वारे आणि ड्रॅगन एकेक करून जमवणारा कोकुशी मुसो, आणि त्याच्या तावडीत मी अजून तरी सापडलेलो नाही.