दुसऱ्या गळ्यातलं गाणं

तुमसरला दुरुस्तीला दिलेला टेपरेकॉर्डर परवा घरी आला. कपाटात हाताला लागली ती लता मंगेशकरांची १९९२ सालची ‘श्रद्धांजली’ ही कॅसेट. सैगल, रफी, मुकेश, किशोर, हेमंतकुमार यांची गाणी, लताबाईंच्या गळ्यातून.

सूर कुठे ढळत नाही. तरी सैगलचं गाणं लागलं, की मन जरा बाजूलाच उभं राहतं. सैगलचा तो जड, किंचित नाकातून येणारा आवाज, तबकडीची खरखर, तीन मिनिटांत सगळं आटोपण्याची सक्ती. या सगळ्यासकट ते मूळ गाणं आपल्यात मुरलेलं असतं.

लताबाईंची एक आठवण सांगतात. तरुणपणी हौसेने रेडिओ घेतला, लावला, तर सैगल गेल्याचीच बातमी. जानेवारी १९४७. त्यांनी तो रेडिओ परत करून टाकला.

हा परत केलेला रेडिओ डोळ्यांपुढून हलत नाही. ज्याच्याबरोबर गायचं राहूनच गेलं, त्याच्या गाण्यात पंचेचाळीस वर्षांनी शिरताना काय वाटलं असेल? नक्कल करायची नाही आणि गाणं आपल्या नावावरही करायचं नाही. त्या अवघडलेपणातच आदर असावा, की नुसती भीती? ठरवता येत नाही.

मूळ गाण्यांना न्याय मिळाला का? माझ्या मते नाही. सैगल सैगलच्याच तबकडीत ऐकावा. पण एका मोठ्या गायिकेने मानलेलं ऋण ऐकायचं असेल, तर ही कॅसेट जरूर लावा.