डू, डज आणि माझा एक 'येस'



आज छाटणी नाही, फवारणी नाही. इंग्रजीतल्या एका बारक्या शब्दावर लिहितोय, कारण त्यानं माझा एक्स्पोर्टचा प्लॉट जवळजवळ घालवला होता.

मागच्या हंगामातली गोष्ट. काढणीला पंधरा दिवस राहिलेले. खरेदीदाराचा परदेशी माणूस बाग बघायला आला. त्याच्यासोबतचा आपला माणूस फोन आला म्हणून बांधावर गेला. तेवढ्यात साहेबानं विचारलं, "यू डोन्ट यूज सीसीसी?"

मी छाती काढून म्हणालो, "येस सर!"

माझ्या डोक्यात सरळ होतं: हो, नाही वापरत. साहेबाचा चेहराच बदलला. वहीत काहीतरी खरडलं आणि गाडीकडं निघाला.

एप्रिल छाटणीनंतर शेंडा थांबवायला आपल्याकडं सीसीसी मारायचे, हे जुन्या बागायतदारांना सांगायला नको. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचेच अंश सापडले आणि माल अडकला. त्यामुळं साहेब दचकला यात त्याची चूक नव्हती. सोबतचा माणूस पळत आला, मी फवारणीची वही पुढं केली, तेव्हा कुठं गाडी थांबली. पुढं रेसिड्यूचा रिपोर्टही स्वच्छ आला.

रात्री पोरीला सांगितलं. दहावीला आहे. पोट धरून हसली, मग वहीवर लिहून दाखवलं.

"पप्पा, आपल्यात समोरच्याचं म्हणणं बरोबर असलं की 'हो' म्हणतात. इंग्रजीत तसं नाही. वापरत असाल तर 'येस, वी डू'. नसाल तर 'नो, वी डोन्ट'. प्रश्न उलटा येऊ दे नाहीतर सुलटा."

आय, यू, वी, दे यांना डू. ही, शी, इट यांना डज. प्लॉट म्हणजे इट. "डज द प्लॉट हॅव मिलीबग?" असं आलं, तर "नो, इट डजन्ट". असेल तर "येस, इट डज". लपवू नका, साहेब ओलांडा उचलून बघतोच.

अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. 'डू यू यूज' म्हणजे वापरता का, तुमची नेहमीची पद्धत. 'डिड यू यूज' म्हणजे मारलं होतं का. एखादं औषध एकदाच मारलं असेल आणि आपण नुसतं "वी डोन्ट" म्हणून मोकळं झालो, तर व्याकरण बरोबर, पण माहिती अर्धी. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा. तिथं अर्धी माहिती चालत नाही. तारीख आणि प्रमाण सांगून टाका.

आता मी नुसतं येस किंवा नो म्हणतच नाही. पूर्ण वाक्य बोलतो, आणि बोलता बोलता वही उघडतो. इंग्रजी चुकलं तरी वही चुकत नाही, फक्त ती रोजच्या रोज भरलेली पाहिजे.